सातमाशी बाळाच्या आईला घरी पाठवताना : गोव्याच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य
संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, कांपाल, पणजी
संचालक, महिला व बाल विकास संचालनालय

विषय : मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या आयांची तयारी रुग्णालयातच करून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

बाळाचे वजन सलग तीन दिवस वाढले, ऑक्सिजन सुटला, पोटातली नळी निघाली, की केसपेपरवर ‘डिस्चार्ज’ पडतो. त्या कागदावर बाळाची सगळी कुंडली असते. आईविषयी मात्र एक ओळ नसते. ती बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, दूध पाजू शकते का, बाळाचे श्वास मोजू शकते का, थेंबांचे औषध नेमके किती भरायचे हे तिने एकदा तरी करून दाखवले आहे का, याची नोंद कुठे नाही. महिनाभर यंत्रांच्या पहाऱ्यात वाढलेले पावणेदोन किलोचे मूल पिशवीभर औषधांसह तिच्या हाती येते आणि गाडी वाळपईच्या किंवा काणकोणच्या वाटेला लागते. त्या रात्रीपासून मॉनिटरही तीच आणि सिस्टरही तीच.

आम्ही नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षांत काम करणाऱ्या परिचारिका, स्तनपान सल्लागार आणि बालरोगतज्ज्ञ आहोत. आमचे म्हणणे एका वाक्यात मावते: अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरी सोडण्याच्या निकषांत आईच्या हातांची तयारी लेखी घाला, आणि ती तयारी शेवटच्या दिवसावर न ढकलता पहिल्या तासापासून करून घ्या. पुढचे सारे याच वाक्याचे तपशील आहेत. ते लांबले आहेत, कारण अशी कामे बिघडतात ती तपशिलातच.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व. ३२ च्या आधीचे फार लवकरचे, २८ च्या आधीचे अतिशय लवकरचे. बोलताना आपण सगळ्यांनाच सातमाशी म्हणतो, आणि भेटायला आलेली एखादी मावशी ‘सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही’ हेही ऐकवून जाते. हे साफ खोटे आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या खात्यात जमा होतो. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षितच असते. ३३ आठवड्यांच्या बाळाच्या आईला हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर तिची निम्मी धास्ती कमी होते.

दुसरी गोष्ट पहिल्याच भेटीत बोलायची, ती म्हणजे ‘माझे काय चुकले’. हा प्रश्न आई बहुधा विचारत नाही, मनात ठेवते. घरचे मात्र उत्तरे तयार ठेवतात. स्कूटर चालवली, पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर गेली. खरी कारणे वेगळी असतात: रक्तदाब वाढणे, जुळे असणे, पाणी लवकर जाणे, मूत्रमार्गाचा किंवा योनीमार्गाचा संसर्ग, गर्भाशयाचे तोंड आखूड असणे. अनेकदा कारण सापडतच नाही. हे नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर, त्यांच्या भाषेत सांगावे. जी बाई स्वतःला गुन्हेगार समजते ती शिकत नाही, फक्त मान डोलावते.

आता दुधाबद्दल. बाळ काचेच्या पेटीत, आई प्रसूती विभागात, मधे जिना किंवा लांबलचक व्हरांडा. सिझेरियन झाले असेल तर पहिला दिवस तसाच जातो आणि इथेच पुढच्या दोन महिन्यांचे नुकसान होऊन बसते. बाळ ओढत नाही तोवर स्तन रिकामे करण्याचे काम हातांनी करावे लागते. पहिल्या तासात सुरू केले तर उत्तम, सहा तासांच्या पुढे जाऊ नये. मग दिवसाला आठ ते बारा खेपा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. त्यातली एक खेप रात्री दोन ते पाचच्या दरम्यान हवीच, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते. ‘तिला झोपू दे’ म्हणून ती खेप वगळणे दिसायला प्रेमळ वाटते. आठवड्याने दूध आटते आणि ‘हिला दूधच नाही’ असा शिक्का बसतो.

हाताने दूध काढणे शिकवायला दहा मिनिटे पुरतात, पण ती दहा मिनिटे प्रसूती विभागातल्या कुणाच्या तरी नावावर लिहिलेली हवीत. अंगठी आणि घड्याळ काढून, साबणाने चाळीस सेकंद हात धुवायचे. ऊन पाण्यात पिळलेला फडका स्तनावर दोन-तीन मिनिटे ठेवायचा. अंगठा वर, तर्जनी खाली, स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने दाबायचे, मग दोन्ही बोटे एकमेकांकडे आणायची, मग सोडायचे. बोटे कातडीवरून घसरवायची नाहीत आणि स्तनाग्र ओढायचे नाही. त्याने सोलवटते, दुखते आणि दूध काही येत नाही. धार मंदावली की बोटांची जागा फिरवायची. एका बाजूला तीन ते पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली, असे मिळून वीस ते तीस मिनिटे. पान्हा लवकर फुटावा म्हणून हे पेटीच्या शेजारी बसून, निदान बाळाचे टोपरे किंवा फोटो समोर ठेवून करावे. यात भावुकपणा काही नाही. पान्हा सोडणारे ऑक्सिटोसिन असेच काम करते.

पहिले दोन दिवस एका खेपेला अर्धा-एक मिलीलीटर चीक येतो. आई तो थेंब पाहते, शेजारच्या खाटेवरच्या बाईची भरलेली वाटी पाहते आणि खचते. म्हणून आकडे आधीच सांगायला हवेत. तो थेंब १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा. बाळ तोंडाने पीत नसले तरी त्यातले ०.१ मिली एकेका गालाच्या आतल्या बाजूला लावता येते. पुढे बाळ पूर्ण दुधावर आले की त्याला दर किलोला दिवसाला साधारण १५० ते १८० मिली लागते. दीड किलोच्या बाळाला १६० च्या हिशेबाने २४० मिली, दर दोन तासांनी पाजले तर एका वेळी २० मिली. म्हणजे चार चमचे! हे ऐकल्यावर ‘माझे दूध पुरणार नाही’ ही समजूत आपोआप सैल होते. आईने मात्र दोन आठवड्यांत दिवसाला ५०० मिलीच्या आसपास पोहोचायचे असते. बाळाच्या गरजेहून जास्त काढायचे, कारण पहिल्या पंधरवड्यात बसलेली पातळी पुढे वाढवणे फार जड जाते.

काढलेले दूध साध्या खोलीत चार तास ठेवता येते, असे पुस्तकात असते. ती खोली २५ अंशांची. मे महिन्यातल्या आपल्या वॉर्डात आणि घरात तेवढा भरवसा ठेवू नये. लगेच फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर मागच्या बाजूला ठेवावे, तिथे २४ तास. प्रत्येक बाटलीवर आईचे नाव, तारीख, वेळ. गरम करताना बाटली ऊन पाण्याच्या भांड्यात ठेवायची. उकळायचे नाही आणि मायक्रोवेव्ह तर नाहीच, कारण त्याने मधेच एखादा घोट चटका देण्याइतका तापतो. घरी राहून सत्तरीतून दूध पाठवणाऱ्या आईला बर्फाच्या पिशव्यांसह झाकणाचा छोटा डबा द्या. कदंबच्या बसमध्ये पिशवीतून तास-दीड तास आलेल्या बाटलीचे काय करायचे, हा प्रश्न सिस्टरला रोज पडू नये. आणि आईचे दूध कमी पडलेच, तर पहिला पर्याय दात्याचे पाश्चराइज केलेले दूध असावा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी उभी केली त्याला १९८९ पासून इतकी वर्षे झाली. पावडरचा डबा हा त्यानंतरचा विचार.

याहून मोठे औषध म्हणजे आईची छाती. कोलंबियातल्या बोगोटात १९७८-७९ मध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. आपल्याकडे ती अजून बऱ्याचदा ‘बाळ स्थिर झाल्यावर, भेटीच्या वेळेत तासभर’ अशी राबवली जाते. २०२१ मध्ये दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवले. दिवसाला सरासरी सतरा तास. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटात १५.७ टक्के, तर या गटात १२ टक्के झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच बदलली: जन्मल्याबरोबर सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास. सतरा तास म्हणजे काय, याचा अर्थ व्यवस्थेने नीट समजून घ्यावा. आई पाहुणी राहून सतरा तास होत नाहीत. तिला खाट लागते, जेवण लागते, शौचालय जवळ लागते.

आणि इथे एक गंमत पाहा, गंमत म्हणायची तर. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत आहार साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. बाळ मात्र चाळीस दिवस आत. आठव्या दिवसापासून ही बाई कागदोपत्री कुणीच नसते; व्हरांड्यातल्या बाकावर बसते, बाहेरून वडा-पाव आणून खाते आणि तिच्याकडून आपण दिवसाला ५०० मिली दुधाची अपेक्षा करतो. बाळ दाखल असेपर्यंत आईचे जेवण आणि खाट चालू राहील, एवढा एक आदेश काढा. बाकीच्या अर्ध्या गोष्टी त्यातून सुटतात.

कांगारू पद्धतीची मांडणी चुकते ती अशी. बाळ आडवे झोपवले जाते किंवा मान पुढे वाकते आणि श्वासनलिका दबते. बाळ उभे हवे, दोन्ही स्तनांच्या मधे, डोके एका बाजूला वळलेले आणि किंचित मागे. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. अंगावर फक्त टोपरे, मोजे आणि लंगोट. पट्टा बाळाच्या कानाच्या खालपर्यंत यावा, छातीवर घट्ट आणि पोटावर सैल, नाहीतर पोट हलून श्वास घ्यायला जागा राहत नाही. आईने पाठ टेकून, तिरपे बसावे किंवा तसेच झोपावे. एका बैठकीला तासाहून कमी नको. पंधरा मिनिटांसाठी बाळ काढून-ठेवून त्याची दमछाकच होते. वडीलही करू शकतात. सोयर पाळणाऱ्या घरांत वडिलांनी अकरा दिवस शिवायचे नाही असे ठरलेले असते. तिथे डॉक्टरांनी स्वतः दोन शब्द बोलावेत, सिस्टरवर सोपवू नये. पंख्याचा थेट झोत आणि एसीचा गारठा, हे दोन्ही आपल्या वॉर्डांतले नेहमीचे शत्रू.

तापमान हाताने कसे पाहायचे, हे प्रत्येक आईला यायला हवे. पोट ऊन, तळपायही ऊन, म्हणजे ठीक. पोट ऊन पण तळपाय गार, म्हणजे बाळ गारठू लागले आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, म्हणजे धोका. थर्मामीटरवर काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. हे तिने हात लावून, थर्मामीटर वाचून दाखवावे. घरातले थर्मामीटर फॅरेनहाइटचे असेल तर ९७.७ ते ९९.५ हेही कार्डावर लिहून द्या.

तोंडाने दूध घेण्याचा प्रवास आठवड्यांवर ठरतो, आईच्या हौसेवर नाही. ३२ आठवड्यांपर्यंत बहुधा नळी. ३२ ते ३४ दरम्यान बोंडले किंवा वाटी-चमचा. ३४ च्या पुढे अंगावर. कारण ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ तोवर बसलेला नसतो. नळीने दूध चालू असतानाच रिकाम्या केलेल्या स्तनाशी बाळाला लावले तर ते चोखायला शिकते. हे फारसे सांगितले जात नाही. बोंडल्याने पाजताना बाळ जागे आणि अर्धवट बसते हवे, बोंडले अर्धेच भरलेले, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर. दूध ओतायचे नाही. बाळाने जिभेने ओढायचे. खोकले की थांबायचे. अर्ध्या तासात संपले नाही तर बाळ थकले आहे, जबरदस्ती नको. बाटली नकोच: तिचा प्रवाह बाळाच्या हाती नसतो आणि बूच, तळ, खोबणी पावसाळ्यात नीट स्वच्छ होत नाहीत. बोंडले साबणाने घासून दहा मिनिटे उकळले की काम झाले.

अंगावर आल्यावरची सर्वांत सामान्य चूक अशी. बाळ तीन-चार वेळा ओढते आणि थांबते. आईला वाटते झोपले, पोट भरले. ती काढून घेते. ते श्वास घ्यायला थांबलेले असते. दहा-पंधरा सेकंद वाट पाहिली तर पुन्हा ओढते. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने कितीतरी बाळे वजन न वाढवता बसतात आणि मग वरचे दूध सुरू होते. मान आणि खांदे हातात धरावे, डोके मागून दाबू नये. दिवसाला सहा-आठ ओल्या लंगोटी, हे पुरेशा दुधाचे माप. आणि पक्के माप वजनाचे. जन्मानंतर वजन दहा-पंधरा टक्के घटते व दोनेक आठवड्यांत भरून येते, हेही आईला आधी कळावे, मग ते घटताना तिचा धीर सुटत नाही. पुढे रोज दर किलोला १५ ते २० ग्रॅमची वाढ हवी.

आता ‘समजले का?’ या प्रश्नाबद्दल. तो विचारणे बंद करा. समोर पांढरा कोट असताना उत्तर ‘हो’ हेच येते, मग ते मराठीत असो, कोकणीत असो की बायणा-झुआरीनगरातल्या कन्नड बोलणाऱ्या आईचे असो. त्याऐवजी ‘दाखवा’ म्हणा. आमची सूचना अशी की घरी सोडण्याआधीचे ४८ तास आई आणि बाळ एकत्र, कक्षाबाहेरच्या खोलीत राहावीत. सगळे आईने करायचे. सिस्टरने हात मागे बांधून पाहायचे. हात धुणे, दूध काढणे, पाजणे, छातीशी बांधणे, तापमान, श्वास मोजणे, औषध भरणे. प्रत्येकापुढे कागदावर ‘स्वतः केले’ आणि तारीख. एखादे जमत नसेल तर तो तिचा दोष नाही, आमचे शिकवणे राहिले आहे, एवढेच त्या रकान्याने सांगावे. कागद मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड अशा चारही भाषांत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तेच सिस्टरच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून. इंग्रजी समरी दुसऱ्या डॉक्टरसाठी असते. आईला ती उपयोगाची नाही.

औषधांच्या थेंबांवर वेगळे लिहायलाच हवे, कारण इथली चूक आईची नसून आपल्या लिहिण्याची असते. ड जीवनसत्त्व दिवसाला ४०० युनिट. बाजारात ४०० युनिट प्रति मिली आणि ८०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही बाटल्या मिळतात. कागदावर ‘१ मिली’ लिहिले आणि फार्मसीतून दुसरी बाटली आली, की डोस दुप्पट. लोह दिवसाला दर किलोला २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने, १.८ किलोच्या बाळाला ३.६ मिलिग्रॅम. बाटलीत मिलीला १० मिलिग्रॅम लोह असेल तर ०.३६ मिली, २० असेल तर ०.१८. हा गुणाकार आईकडून अपेक्षित नाही. १ मिलीची सिरिंज द्या, तिच्यावर बॉलपेनने रेघ मारा, तिच्याकडून दोनदा भरून घ्या आणि ‘हीच बाटली, दुसरी दिली तर फोन करा’ असे लिहा. वजन वाढले की रेघ बदलते. पुढच्या तारखेला नवी रेघ.

धोक्याच्या खुणा भिंतीवरच्या पोस्टरवर सगळीकडे आहेत. आईला हव्यात त्या मोजता येणाऱ्या. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून श्वास मोजायचे. ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजायचे, तरीही तेवढेच भरले तर निघायचे. अपुऱ्या दिवसांचे बाळ पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भरभर श्वास घेते, ते चालते. वीस सेकंदांचा खंड, किंवा कमी वेळाचा पण ओठ निळे पडणारा खंड चालत नाही: तळपायाला टिचकी मारा आणि १०८ बोलवा. छातीत खड्डा पडणे, झटके येणे, दूध ओढणे सोडणे, हलवल्याशिवाय न हलणे, पोट फुगणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, तळहात-तळपायापर्यंत पोहोचलेली कावीळ. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही.

३४ ते ३६ आठवड्यांची बाळे यात कुठेच बसत नाहीत. मुदतपूर्व बाळांत सर्वांत मोठा वाटा यांचाच. सव्वादोन-अडीच किलोची, दिसायला भरल्या दिवसांसारखी, म्हणून तिसऱ्या दिवशी आईसोबत घरी. हे बाळ झोपाळू असते, भुकेने रडत नाही; घरचे म्हणतात किती शहाणे आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी कावीळ चढते, दूध कमी, वजन घटलेले आणि मग पुन्हा दाखल. या आईला एकच सूत्र द्यावे: बाळ मागेल तेव्हा नाही, घड्याळ सांगेल तेव्हा पाजायचे, दर दोन-अडीच तासांनी, उठवून, आणि घरी गेल्यावर ४८ तासांत वजन व कावीळ तपासायला परत. खासगी रुग्णालयांनाही हे लागू करावे. तिथे तर अशा बाळांचे कौतुकच जास्त होते.

घरी पोहोचल्यानंतरची कडी गोव्यात विशेष कच्ची आहे. देशात इतरत्र नवजात बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. गोव्याने आशांची योजना घेतली नाही. आपला भार उपकेंद्राच्या एएनएमवर, म्हणजे तिथल्या परिचारिकेवर, आणि अंगणवाडी सेविकेवर. शिवाय हे वेळापत्रक जन्मतारखेपासून मोजले तर ३० आठवड्यांचे बाळ घरी येते तेव्हा ते संपतच आलेले असते. म्हणून अशा बाळांसाठी पहिला दिवस म्हणजे घरी आल्याचा दिवस धरा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कक्षातून त्या उपकेंद्राच्या एएनएमला फोन गेला पाहिजे आणि आईने तिच्याशी त्याच फोनवर बोलले पाहिजे. पहिली भेट ४८ तासांत. तिच्या पिशवीत दहा ग्रॅमपर्यंत अचूक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा हवा. झोळीच्या काट्यावर शंभर ग्रॅमचा फरक नजरेच्या कोनाने पडतो आणि इथे आठवड्याचा सगळा हिशेब दीडशे-दोनशे ग्रॅमचा असतो.

माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा तक्ता जन्मतारखेवर भरला जातो, ही त्याहून मोठी अडचण. दहा आठवडे आधी जन्मलेले बाळ त्यात महिनोन्‌महिने लाल पट्ट्यात दिसते. अंगणवाडीत चार बायकांसमोर ‘कुपोषित’ म्हटले जाते, सासूची नजर बदलते आणि पावडरचा डबा घरात येतो. बाळ मात्र आपल्या वाटेने छान वाढत असते. वय सुधारून मोजायचे: ४० मधून जन्माचे आठवडे वजा करा आणि जो आकडा येईल तो आजच्या वयातून कमी करा. ३० आठवड्यांचे बाळ चार महिन्यांचे झाले तर सुधारित वय जेमतेम सात आठवडे; ते आता कुठे ओळखीचे हसू लागेल. हे दोन वर्षांचे होईपर्यंत. कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईत ‘अपेक्षित प्रसूतीची तारीख’ लिहिली आणि सेविकांना तिथून मोजायला शिकवले तर नवे कार्ड छापायचीही गरज नाही. लसी तेवढ्या याला अपवाद: त्या जन्मतारखेनेच, वयाप्रमाणे. सहा आठवडे भरले आणि बाळ आतच असेल तर तिथेच.

डोळ्यांची तारीख चुकली तर ती भरून निघत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या खाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांत; २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, म्हणून घरचे विचारतात ‘कशाला एवढ्या लांब?’ आईकडे उत्तर हवे: पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि दृष्टी जाते, वेळेत सापडले तर उपचाराने बहुधा वाचते. पुढची तारीख, खोली क्रमांक, सोबत कुणी यायचे, हे सगळे डिस्चार्जच्या कागदावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. एकदा तपासून भागत नाही हेही तिथेच लिहा. कानांची तपासणी महिन्याच्या आत.

परंपरेशी उगाच भांडण नको. मेथीची पेज, नाचणीचे तिजाण, अळीव, हे बाळंतिणीला द्याच. खोबरेल तेल हलक्या हाताने लावायलाही हरकत नाही. बाळाला मात्र गुटी नको, मध नको, शेगडीची धुरी नको आणि नाकात तेल तर अजिबात नको. ते थेट फुप्फुसात जाते. अंघोळ अडीच किलो होईपर्यंत नको, ऊन पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करून छातीशी. जून-जुलैत लंगोट सुकत नाहीत म्हणून ती धुरीवर वाळवण्याची पद्धत आहे; त्यापेक्षा इस्त्री फिरवावी. हे सगळे सासूला किंवा आईच्या आईला समोर बसवून सांगावे. घरातला निर्णय तिचा असतो आणि तिला मान देऊन शिकवले तर तिच्यासारखी मदतनीस नाही.

शेवटी आई स्वतः. रक्तदाबामुळे लवकर बाळंत झालेल्या बाईचा दाब पुढचे सहा आठवडे धोक्याचा असू शकतो. बाळासाठी ती रोज रुग्णालयात येते, तिचा दाब मात्र कुणी पाहत नाही. नवजात कक्षाच्या दाराशी दाब मोजायचे यंत्र ठेवा. डोके दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे म्हणजे लगेच दाखवायचे. टाके, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिथेच विचारा. पहिल्या दहा-बारा दिवसांतले रडू बहुतेकींना येते आणि जाते. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, जीव नकोसा वाटतो, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच कागदावर असू द्या.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, १ मिलीच्या सिरिंजा, स्टीलची बोंडली, कापडी पट्टे, चार भाषांतला एक कागद, एएनएमसाठी वजनकाटे आणि आईच्या जेवणाचा आदेश. बांबोळी, म्हापसा आणि मडगाव इथल्या तीन सरकारी रुग्णालयांत पाळीनिहाय एक सिस्टर फक्त आयांसाठी नेमली, तर कागदाचा नमुना, शिकवण्याचा क्रम आणि एएनएमच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा आराखडा आम्ही विनामूल्य करून देऊ. त्यासाठी आपल्याकडून बैठकीची तारीख कळावी.

आपले,
गोव्यातील नवजात बालकांची सेवा करणाऱ्या काही परिचारिका, स्तनपान सल्लागार आणि बालरोगतज्ज्ञ